गेंड्याची बदली

संपत, काल घाटावर कावळा शिवला नाही.

लई वेळ थांबलो आम्ही. पिंड ठेवला, शेजारी तुझ्या आवडीची शेव ठेवली, कागदी कपात चहा ठेवला. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या लिंबावर चांगले पाच-सहा बसले होते, पण एकही खाली येईना. मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं जाऊन कबूल करायला लागला. तुझा भाऊ म्हणला, "पोरींच्या शिक्षणाचं मी बघतो, तू नीघ." कावळा हलला नाही. वहिनी म्हणल्या, "मी रडत बसणार नाही, कामाला लागते." तरी नाही. भटजींनी घड्याळ बघितलं. कुणीतरी म्हणलं, "अजून कुणाकडं काही राहिलंय का त्याचं?" अन् सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तुझ्या आयुष्यातला निम्मा वेळ तू माझ्यासोबत घालवला होतास, तो पण नसत्या उद्योगात, हे घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पुढं गेलो. हात जोडले. तोंड उघडलं. आणि काय म्हणलो माहितीय?

"संपत, गेंडा मी सांभाळतो."

मागं दोघं-तिघं फसकन हसले. भटजी म्हणले, "कोण गेंडा?" वहिनींनी पदर तोंडाला लावला, हसल्या का रडल्या कळलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला अन् उरकून घेतलं.

तू कशासाठी अडला होतास ते त्या घाटावर मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण ते चाळीस माणसांत, वहिनींसमोर बोलायचं म्हणजे छातीत दम लागतो. माझ्या छातीत दम भरपूर आहे, संपत. तोच तर सगळा घोळ आहे.

म्हणून आज इथं घरी बसून बोलायलोय. मी बोलायलोय अन् मोबाईल लिहायलाय, हे तूच दाखवलं होतंस. मला लिहिणं कुठलं जमतंय. तिसरीत मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या गावात अजून वाद आहे. आईबापानं नाव ज्ञानोबा ठेवलं, तिथंच सगळं ज्ञान खर्च झालं, आत काही उरलं नाही.

तुला पहिल्यांदा मोबाईलवर तो जनावरांच्या लढाईचा गेम खेळताना बघितलं तेव्हा मला वाटलं तू हवामानाचा अंदाज बघायलास. जेवणाच्या सुट्टीत, आपल्या चिखलीच्या कारखान्यात, शेडच्या मागं, पालथ्या ड्रमवर तू बसलेला. एका हातात चपाती, एका हातात मोबाईल, अन् स्वतःशीच पुटपुटत होतास, "पाऊस पाडतोस व्हय, थांब, आता धूळच उडवतो." मी वर बघितलं. आभाळ कोरडं ठक्क. म्हणलं, गेला हा माणूस. चिखलीच्या पत्र्याखाली डोकं तापलं याचं.

मग तू मला शेजारच्या ड्रमवर बसवून सगळं सांगितलंस. दोन्हीकडं सहा-सहा जनावरं. मैदानात एका वेळी एकच. आपली पाळी आली की एकतर वार करायचा, नाहीतर मैदानातलं जनावर आत घ्यायचं अन् दुसरं पुढं सोडायचं. त्याला तू बदली म्हणायचास. शब्द आपल्या शेडमधलाच. एखादा आला नाही की सुपरवायझर ओरडतो ना, "बदलीला कोण उभं राहतंय?" तोच.

अन् तुझा लाडका तो ढोल्या. गेंड्यासारखं धड, म्हशीसारखं तोंड, पाय इतके आखूड की पोट जमिनीला घासतंय, पाठीवरच्या भेगांतनं सारखी वाळू गळतीय. त्याचं गेममधलं खरं नाव काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, आपण गेंडाच म्हणायचो. तो मैदानात आला की काही न करता, नुसत्या येण्यानं धुळीचं वादळ उठायचं. पाच डाव चालायचं, मग थांबायचं. तोवर धुळीत जो उभा असेल त्याचं बळ दर डावाला थोडं थोडं झिजायचं. मी विचारलं, थोडं म्हणजे किती? तू म्हणलास, सोळावा हिस्सा. ते माझ्या टाळक्यात शिरेना. मग तू म्हणलास, "रुपयातला एक आणा रं." लगेच शिरलं. आमचा आज्या मरेपर्यंत आण्यातच बोलायचा.

फक्त लोखंडाच्या, दगडाच्या अन् मातीच्या जनावरांना धूळ लागत नाही. गेंडा मातीचा. हे मी फार नीट लक्षात ठेवलं. चांगल्या कामासाठी ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

गेंडा मारामारीचा नव्हताच. वार झेलायचा. समोरच्याला जांभई देऊन पेंगायला लावायचा. स्वतःचं बळ कमी झालं की एक डाव निवांत बसायचा, निम्मं बळ परत. त्या बसण्याला आपण चहा म्हणायचो. समोरचा कुठला कोण परगावचा माणूस, तो वैतागून जायचा. तू म्हणायचास, "त्याला वाटत आसंल, ह्यो संपत का न्हाई." मी म्हणायचो, "नावच संपत, मग संपेल कसा?" हा विनोद मी रोज केला. रोज. अन् तू रोज हसलास, ही तुझी माणुसकी.

माझ्या मोबाईलवर तो गेम चालायचा नाही, काच पण फुटलेली, म्हणून तुझ्याच मोबाईलवर मी शिकलो. वाचता येत नाही, मग बटणांच्या जागा पाठ केल्या. वर डावीकडं वार, वर उजवीकडं जांभई, खाली चहा. एकदा तू हात धुवायला गेलास अन् माझ्या बोटाची जागा चुकली, मी सलग बारा डाव चहाच पीत बसलो. समोरचा कंटाळून गेम सोडून पळाला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात काहीतरी आलं. मी ओरडलो, "संपत, काय झालं बघ." तू ओल्या हातानं बघितलंस अन् म्हणलास, "तू जिकलास." आयुष्यात माझा हा एकमेव विजय आहे, तो पण चहा पिऊन.

गेंड्याच्या डोक्यावर बारीक इंग्रजीत एक नाव लिहिलेलं असायचं. टोपणनाव, तू ठेवलेलं. गेंडा आला, नाव आलं, वादळ उठलं की तू दर वेळी गालातल्या गालात हसायचास. मी विचारलं होतं, काय लिहिलंय? तू म्हणलास, "तुझंच नाव हाय की." मी इतका खूश झालो की सगळ्या शेडला सांगत फिरलो. सुपरवायझरला पण सांगितलं. तो म्हणला, "बरोबर आहे, तू आला की कामाचं वाटोळं होतं."

तुला वाटायचं मी वाचायला शिकावं. टपरीवर एकदा तू माझ्यामागं लागलास. "तुला ए येतो, बी येतो, शिफ्ट कळत्यात न्हवं? डी येतो, हजेरीच्या कार्डावर तुझ्या नावाला असतो. एम बोल्टावर असतो. ओके कळतं, त्यातला ओ आन् के आला. आर कळतो, रिजेक्टचा शिक्का तूच मारतोस. येवढ्यावर माणूस लई काय काय वाचंल." मी म्हणलो, "येवढ्यावर माणूस फक्त रिजेक्ट होईल." लोक हसले. तू हसला नाहीस त्या दिवशी. चहा संपवलास अन् म्हणलास, "बघ, वाच कवातरी."

आपलं एक भांडण राहिलं. मी म्हणायचो, गेंडा सगळ्यात आधी काढ, धूळ उडव, मग बाकीचे येतील. तू म्हणायचास, "त्याला पयला काढायचा न्हाई. आपल्यातल्या एखाद्या नाजूक गड्यावर वार येणार आसं दिसलं की ह्याला मधी घालायचा. त्यासाठीच ह्याचं आंग मोठं हाय." मी म्हणायचो, असं किती वेळा घालणार? तू म्हणायचास, "चहा मिळतोय तवर."

आता खोलीचं बोलतो. सारखं टाळायलोय ते.

शेडच्या मागच्या अंगाला ब्लास्टिंगची खोली. चाकणच्या कंपन्यांकडं जाणारे ओतीव भाग आपल्याकडं साफ व्हायला येतात. पत्र्याची बंद खोली, आत एक माणूस, हातात पाइप, पाइपातनं हवेच्या जोरानं वाळू सुटते अन् लोखंडावरचा गंज उडवून लावते. डोक्यावर काचेचं टोपडं, ती काच वाळूनं आंधळी झालेली, आत तोंडाला गमछा. आठवड्याची पाळी. एक आठवडा एक जण आत, बाकीचे बाहेर माल टांगायला, रंग मारायला.

माझी पहिली पाळी मी केली. दुसऱ्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन थुंकलो तर थुंकी राखाडी. पायानं त्यावर माती ओढली, कुणी बघू नये म्हणून. अन् दुसऱ्या दिवशी कमरेत वाकून कामावर आलो.

काय वाकलो होतो! सुपरवायझर म्हणला, "काय झालं रे?" म्हणलं, "बस पकडताना लचकली." तो ओरडला, "बदलीला कोण उभं राहतंय?" सगळे आपापल्या चपला बघायला लागले. अन् तू, तू तर सगळ्यातच सावकाश, डबा बंद केलास, गमछा झटकलास, म्हणलास, "मी जातो की." एवढंच. जसं कुणी म्हणावं, मी जरा टपरीवर जातो.

मग ती कंबर माझ्या पाळीला बरोबर दुखायची. कॅलेंडर चुकलं असतं, कंबर नाही. मी औषधाच्या दुकानातनं पट्टा आणला अन् सगळ्यांना दिसावा म्हणून शर्टाच्या वरनं बांधायला लागलो. एकदा उलटा बांधला होता, दिवसभर कुणी बोललं नाही. संध्याकाळी तूच जवळ येऊन हळूच म्हणलास, "ज्ञानू, पोट म्हागं आलंय तुझं." गणपतीच्या मिरवणुकीत मी ढोल वाजवला, दोन तास उड्या मारल्या, समोर बघतो तर कडेला तू पोरींना घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. तू म्हणलास, "कंबर बरी दिसली काल." मी म्हणलो, "वाजवताना दुखत नाही, वाकताना दुखते." तू मान हलवलीस. "व्हय, आसं आसतं," म्हणलास अन् गमछा बांधायला लागलास.

तू खोलीतनं बाहेर यायचास तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. अन् मी, शेडचा विदूषक, ओरडायचो, "आला रे आला, वादळ आलं!" तुला खोकला सुरू झाला तेव्हा पण माझं तेच. "तुला काय होतंय? तू मातीचा. मातीच्या जनावराला धूळ लागत नाही." सगळा शेड हसायचा. तू पण हसायचास, हसता हसता खोकायचास, खोकता खोकता ड्रमवर बसायचास. मी तुला चहा आणून द्यायचो अन् म्हणायचो, "घे, निम्मं बळ परत."

हे आठवलं की मला माझं तोंड कुठं ठेवावं कळत नाही. काढून ठेवता येत नाही, चिकटलेलं आहे.

रावेतची गोष्ट पण माझीच फजिती. तिथल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी त्या गेमची स्पर्धा होती. सगळी आयटीतली पोरं, पाठीवर बॅगा, कानात ते बोळे. आपण दोघं गेलो तर वॉचमन म्हणला, "प्लंबर का? मागच्या गेटनं या." मी म्हणलो, "प्लंबर नाही, खेळाडू." तो म्हणला, "मागच्या गेटनंच या." तू मला खेळायला बसवलंस, स्वतः मागं उभा राहिलास. म्हणलास, खोकल्यानं मोबाईल हलतो हातात. समोर चष्म्यातला एक गोड तरुण होता. गेंडा बाहेर आला तसा त्यानं आपल्या स्क्रीनवर डोळे बारीक केले, म्हणला, "काका, नाव भारी ठेवलंय." मी छाती फुगवली. मागनं तुझं हसू ऐकू आलं, अन् मग खोकला.

त्या गड्यानं पाऊस पाडणारा बेडूक काढला. गेंडा अन् बेडूक एकदम मैदानात. मी वळून तुझ्याकडं बघितलं. तू कानात म्हणलास, "भिऊ नगं. जो चपळ त्याचं हवामान आदी येतं, जो सुस्त त्याचं मागनं. मागनंच टिकतं." अन् खरंच, पाऊस आला, गेला, अन् वर धूळ उठली. सुस्त असणं हीच अक्कल आहे हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पुढच्या दोन चुका तिथंच केल्या. तू सावरून घेतल्यास.

शेवटाला त्याच्याकडं एक लोखंडी जनावर राहिलं, जरासं बळ उरलेलं. माझ्याकडं मार खाल्लेला गेंडा अन् मागं एक चिमणी, तिचं बळ अर्धा आणा. चिमणीच्या एका टोचीत खेळ खलास होता. तू म्हणलास, "थांब. चहा घे. वादळाचा अजून एक डाव हाय, जाऊ दे त्याला." पण मला हॉलमधल्या पोरांपुढं ऐट करायची होती. मी बदली केली. चिमणी सोडली. समोरच्यानं काही केलंच नाही, नुसता अंग चोरून बसला. अन् डाव संपताना धूळ आली, सगळ्यांकडनं आपला आणा घ्यायला. लोखंडाला काही झालं नाही. चिमणी पडली. मग गेंडा एकटा, एका फटक्यात तो पण.

तो गडी हळू आवाजात म्हणला, "काका, तुमच्याच धुळीत गेली तुमची चिमणी."

मी तुझ्याकडं वळून म्हणलो, "आपली धूळ आपल्यालाच कशी लागली रे?" तू म्हणलास, "धूळ वळख ठेवत न्हाई, ज्ञानू." चिडला नाहीस. येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून तू झोपलास. मला वाटलं हरल्यामुळं दमलास.

पहिल्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्या. कितीतरी महिने त्या खाल्ल्यास. मग मोठ्या दवाखान्यात गेलो, वहिनी, तू अन् मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला अन् पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" तू सांगितलंस. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणल्या, छातीत वाळूची धूळ बसलीय, फुफ्फुस दगडासारखं व्हायला लागलंय. अन् मी काय बोललो? माझ्या तोंडाला गप्प बसणं ठाऊकच नाही. मी म्हणलो, "मॅडम, पाच डाव झाले की थांबेल ना हे?"

त्यांना काही समजलं नाही. तू हसलास. त्या माझ्याकडं बघत सावकाश म्हणल्या, "हे थांबत नाही. काम सोडलं तरी आतलं वाढत राहतं."

तो फोटो मी पण बघितला होता, संपत. छातीच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. त्यातले किती तुझ्या पाळीचे अन् किती माझ्या पाळीचे, हे कुणी डॉक्टर सांगेल का? मला ते माझे ठिपके वेगळे दाखवून हवे होते. काढून मागायची माझी हिंमत नव्हती. नुसते बघायचे होते.

मग तू घरी. नाकात नळी, उशाशी ते घरघरणारं मशीन. मी रोज यायचो, गमती सांगायचो. शेडमध्ये कोण घसरून पडला, सुपरवायझरची पॅन्ट कशी फाटली. निम्म्या गोष्टी मी तिथल्या तिथं बनवायचो. तुझं हसणं आता आवाजाचं राहिलं नव्हतं, नुसते खांदे हलायचे. वहिनी खुणेनं सांगायच्या, भाऊजी पुरे, त्यांना दम लागतोय. शेवटी शेवटी तर असं झालं की मी तुला हसवलं तरी तुझं बळ जायचं. मग मला बोलायला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या दिवशी, शेवटच्या दिवशी, आपण परत तेच भांडलो, गेंडा आधी का मागनं. तुझ्यात बोलायचं त्राण नव्हतं, बोटानंच नाही नाही करत होतास. वहिनी आत भाकरी थापत होत्या. मग तू हात खाली घेतलास, माझ्याकडं बघितलंस अन् एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणलास, "ज्ञानू. तुझी कंबर. कशी हाय आता?"

सांगायचं होतं, संपत. आईशप्पथ तोंडापर्यंत आलं होतं. मी कमरेवर हात ठेवला अन् म्हणलो, "जरा दुखतीय अजून."

तू डोळ्यानं हसलास. माझ्या हातावर दोनदा थापटलंस, लहान पोराला थापटावं तसं. मी म्हणलो, "चहा सांगतो." आत गेलो, वहिनींशी काहीतरी पाचकळ बोललो, कप घेऊन बाहेर आलो. मशीन घरघरत होतं. तू नव्हतास.

घाटावर मला हे बोलायचं होतं अन् मी गेंड्याचं बोललो.

आज दुपारी वहिनी माझ्या घरी आल्या. दारातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. पिशवीतनं तुझा मोबाईल काढला. म्हणल्या, "तुम्ही कबूल केलंय ना काल, गेंडा सांभाळतो म्हणून. मग घ्या. घरात तो वाजला की पोरी दचकतात." अन् गेल्या.

मी गेम उघडला. सहाही जनावरं ओळीनं उभी. गेंडा मधी, पोट टेकून. डोक्यावर ते नाव. म्हणलं, चला, आपलं नाव तरी एकदा नीट बघू, संपतनं प्रेमानं ठेवलंय. डी शोधला. हजेरीच्या कार्डावर असतो तसला पोटाळ डी.

डी नव्हताच.

पहिलं अक्षर के होतं. ओकेमधला. मग ए, शिफ्टचा. मग एम, बोल्टावरचा. मग बी, दुसऱ्या शिफ्टचा. मग परत ए. अन् शेवटी आर. रिजेक्टचा, जो मीच दिवसभर मारत असतो.

सगळी अक्षरं मला येत होती, संपत. सगळी. टपरीवर तू मोजून दाखवली होतीस.

बोट ठेवून ठेवून तोंडानं म्हणलो. क. म. ब. र. दोनदा चुकलो, कमबर म्हणलो. तिसऱ्यांदा लागलं.

कंबर.

गेंडा आला, नाव आलं, वादळ उठलं, की तू हसायचास. मला वाटायचं वादळाला हसतोस. शेडच्या मागं, रावेतच्या हॉलमध्ये, सगळीकडं. "जा, कंबर." मी तुझ्याशेजारी बसून टाळ्या वाजवायचो, माझंच नाव आहे म्हणून. खोटं पण नव्हतास बोलला. माझं त्याहून खरं नाव दुसरं कुठलं आहे?

म्हणजे तुला ठाऊक होतं. कधीपासून? गणपतीपासून? का पट्टा उलटा होता तेव्हापासून? का पहिल्याच दिवशी, मी दारातनं वाकून आत आलो तेव्हाच? अन् ठाऊक असून तू डबा बंद करायचास, गमछा झटकायचास, म्हणायचास, मी जातो की. मला वाटत होतं मी तुला फसवून आत घातलं. ते पाप मला पेलत होतं, खरं सांगतो, कसंबसं पेलत होतं. पण तू बघून सवरून मधी उभा राहिलास, हे कसं पेलायचं? नाजूक गडी मी होतो होय रे? हा असा, ढेरीवर पट्टा बांधलेला?

त्या शेवटच्या दिवशी कंबर कशी आहे म्हणून तू विचारत नव्हतास. मला बोलायला जागा करून देत होतास. अन् मी त्या जागेत पण माझी कंबरच ठेवली.

तर घे, ऐक. माझी कंबर कधीच दुखत नव्हती. एक दिवस पण नाही. धडधाकट आहे. मी भ्यालो होतो.

हे मोठ्यानं म्हणलो अन् खिडकीतनं बाहेर बघितलं. तारेवर कावळा नाही, काही नाही. वरच्या मजल्यावरची गोधडी तेवढी वाळत होती. आता कशाला येशील तू. दर्भाच्या कावळ्यावर तुझी बोळवण करून आम्ही मोकळे झालो, अन् तू आयुष्यभर होतास तसाच गप निघून गेला असशील.

सोमवारी माझा आठवडा सुरू होतोय. कुणीतरी त्या खोलीत जाणारच आहे, माल यायचा थांबलेला नाही. सुपरवायझर सवयीनं माझ्याकडं बघून ओरडेल, "बदलीला कोण उभं राहतंय?" सगळे आपापल्या चपला बघतील. मी मागं तुझ्या ड्रमकडं बघीन. तो रिकामा असेल.

मग मी उठीन. पट्टा घरीच ठेवला असेल. तुझ्यासारखा सावकाश चालायला मला जमणार नाही, पण आत जाईन. कंबर ताठ करून.